शून्य किलोचा हिशेब

‘सर्वर डाऊन हाय, भाऊ. थांबा लागंन.’

खिडकी कुठलीही असो, पलीकडून हेच वाक्य येतं. पूर्वी ‘साहेब जेवायला गेले’ असं सांगत. साहेबांना निदान हात धुऊन परत यावं लागे. सर्वर कुणी पाहिलेला नाही, तो राहतो कुठे ते ठाऊक नाही आणि त्याच्यावर चिडून उपयोग नाही. देवीचा कोप व्हावा तसा तो होतो आणि आपोआप शांत होतो. मी सिंदीत पंधरा वर्षं मोबाइल, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर आणि लोक आणून टाकतील ते दुरुस्त करतो. (सिंदी रेल्वे, वर्ध्याजवळची सिंदी मेघे नव्हे. हा कंस आमच्या गावाला जन्मभर लागलेला आहे.) माझ्या टेबलावर येऊन पडलेल्या यंत्रांना साक्षीला ठेवून सांगतो, पुष्कळदा सर्वरचा काडीचाही संबंध नसतो. गुन्हेगार खिडकीच्या अलीकडेच, यंत्राच्या पोटात, नखाएवढा होऊन बसलेला असतो.

पौषातली गोष्ट. कापसाचा हंगाम भरात होता. गावाबाहेरच्या एका खासगी वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागली होती. ट्रॅक्टर, छोटा हत्ती, मधेच एखादी बैलबंडी. गाडी काट्यावर चढायची, आकडा लगेच दिसायचा, पण काटापट्टी काही निघायची नाही. चार मिनिटं, पाच मिनिटं, कधी यंत्र बंदच पडायचं आणि पुन्हा सुरू होईपर्यंत ड्रायव्हर एक बिडी संपवायचा. काट्यावरचं पोरगं मान वर न करता म्हणायचं, सर्वर डाऊन. त्यानं तसा पुठ्ठाच लिहून खिडकीला टांगला होता, रोज रोज तोंड कोण दुखवणार! एक म्हातारबुवा सकाळपासून ट्रॉलीवर बसले होते. मला म्हणाले, ‘कावून गा, आमचा कापूस तोलाले मुंबईले विचारा लागते काय?’

मी पेचकस घेऊन यंत्राचं झाकण उघडलं. त्या काट्याला सर्वर नव्हताच. इंटरनेटची तारही नव्हती. लोड सेलची तार एका छोट्या बोर्डाला आली होती, बोर्डावर लिनक्स, आणि लिनक्सच्या खाली लग्नाचे फोटो ठेवायला घेतात तसलं ८ जीबीचं मेमरी कार्ड. मृगात बसवलेलं यंत्र पौषात मरायला टेकलं होतं. पेरणीला आलं आणि कापूस घरात येता येता गेलं.

आता माझं भांडण ऐका. ज्यानं हे यंत्र विकलं त्यानं माहितीपत्रकावर लिहिलं होतं, ‘साठवण ८ जीबी’. ज्यानं घेतलं त्यानं वाचलं, ८ जीबी. घरचा बैल घेताना आम्ही दात बघतो, खूर बघतो, शेपटी मुरगाळून बघतो, चार पावलं चालवून बघतो. यंत्र घेताना मात्र एवढंच विचारतो, की याच्या पोटात किती मावतं. किती चपळ आहे, किती वर्षं टिकेल, वीज गेली तर काय करेल, उन्हाला कसं वागेल, यातलं अक्षर विचारत नाही. आणि विकणारा आपणहून सांगत नाही, कारण त्यालाही ते माहीत नसतं. तोही घाऊक बाजारातून जीबीच्या भावानं आणतो.

कार्डाच्या पोटातली फ्लॅश म्हणजे काय हे कळायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, तलाठी कार्यालयात दोन खेपा घातलेल्या असल्या की पुरे. हातानं लिहायच्या सातबाऱ्यावरचं जुनं नाव तलाठी खरवडून काढत नसे. तो फेरफार घेई, जुन्या नावाला कंस करी आणि नवं नाव खाली चढवी. फ्लॅशचं तसंच आहे. लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही. नवी नोंद दुसऱ्या कोऱ्या पानावर जाते, जुन्या पानाला कंस होतो आणि कुठली नोंद सध्या कुठे आहे याचं एक फेरफार रजिस्टर कार्डातला छोटा कंट्रोलर सांभाळतो. कंसातली नावं साचून सातबारा वाचेनासा झाला की त्याचं पुनर्लेखन करत. फ्लॅशमध्येही करावं लागतं. फक्त तिथली अडचण अशी, की लिहिता एकेक पान येतं, सुमारे १६ केबीचं, पण पुसता येतो तो अख्खा गठ्ठा, काही एमबींचा. मग गठ्ठ्यातली जिवंत पानं आधी दुसरीकडे उतरवून घ्या, मग गठ्ठा पुसा, मग तुमची नवी ओळ लिहा. वाचायला काही दशक मायक्रोसेकंद लागतात, लिहायला कित्येकशे, पुसायला काही हजार. तलाठ्याचं पुनर्लेखन दहा वर्षांतून एकदा येई. स्वस्त कार्डाचं पुनर्लेखन तुमची गाडी काट्यावर चढलेली असताना येतं.

आमच्या स्टेशनावर हा प्रकार रोज दिसतो. नागपूर ते सेवाग्राम या पट्ट्यात हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई अशा दोन्ही वाटांच्या गाड्या एकाच मार्गावर येतात. पॅसेंजरला लूप लाइनला टाकलं की ती तिथेच. आधी राजधानी जाईल, मग मालगाडी, मग आणखी एक. पॅसेंजर चांगली धावते हो, तिच्या इंजिनात दोष नाही, पण तिला सिग्नलच मिळत नाही. कार्डाच्या आत पुसण्याची मालगाडी चालू असते आणि तुमची दोन ओळींची काटापट्टी लूप लाइनला उभी असते.

कार्डावर छापलेला वेग हा तर निव्वळ देखावा. ‘सेकंदाला ९० एमबी’ असं ठळक छापतात. तो वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे, आणि तोही ओळीनं, एकामागून एक. क्लास ४, क्लास १० हे जे गोलातले आकडे आहेत, तेही ओळीनं लिहिण्याचेच. कॅमेऱ्यात व्हिडिओ भरायला ते ठीक. काट्याचं, तिकिटाच्या यंत्राचं किंवा फोनचं काम तसं नसतं. तिथं चार केबी इथं, चार केबी तिथं, असं विखरून लिहावं लागतं. त्या काट्यातलं कार्ड मी टेबलावर लावून तपासलं. ओळीनं लिहायला सांगितलं तेव्हा बरं चाललं. विखरून लिहायला सांगितलं तेव्हा सेकंदाला एक एमबीही जमेना, आणि मधेच श्वास कोंडल्यासारखं दोन-दोन सेकंद गप्प बसायचं. विखुरलेल्या कामाचा किमान वेग छापायची रीत एसडी कार्डांच्या मानकात २०१६ पासून आहे. कार्डावर ‘ए१’ असेल तर सेकंदाला निदान १५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० लेखनं त्यानं केलीच पाहिजेत. दोन अक्षरांची खूण आहे. यंत्र विकणाऱ्या किती जणांनी ती बघितली असेल? मी विचारलं तर एक जण म्हणाला, ‘ए१ म्हणजे ए वन क्वालिटी ना, साहेब?’

फोनच्या बाबतीत हे दुखणं जुनं आहे. ह्योजुन किम, नितीन अग्रवाल आणि क्रिस्तियान उंगुरेआनू यांनी २०१२ मध्ये फोनच्या साठवणीवर एक निबंध मांडला. फोन रेंगाळतो तेव्हा आपण नेटवर्कला आणि प्रोसेसरला शिव्या घालतो, पण पुष्कळ अॅपांचा वेग साठवणीनं अडवलेला असतो आणि एका कार्डाचा दुसऱ्याशी मेळ नसतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्याच वर्षी आलेला नेक्सस ७ टॅबलेट भरत गेला तसा गोगलगाय झाला. पुढल्या वर्षी अँड्रॉइड ४.३ मध्ये रिकामी झालेली जागा चिपला कळवायची सोय आली, तेव्हा कुठं त्याला हालचाल सुटली. म्हणजे दुखणंही माहीत, औषधही माहीत. तरी आजही माझ्या दुकानात माणूस येतो, फोन गळ्यापर्यंत ‘शुभ सकाळ’च्या फोटोंनी भरलेला, आणि म्हणतो रेंज नाही. अरे बाबा, खळं गच्च भरल्यावर उफणायला जागा कुठून आणशील?

पण सगळं खापर कार्डावर फोडलं तर तो अन्याय होईल. त्या काट्याचं सॉफ्टवेअर लिहिणारा कोण महाभाग होता, ते मला कधी कळलं नाही आणि तेच त्याच्या तब्येतीला बरं. त्यानं काय केलं होतं? दर सेकंदाला काट्यावरचं वजन डेटाबेसात लिहायचं आणि प्रत्येक वेळी ‘आत्ताच्या आत्ता कार्डावर उतरव’ असा हुकूम सोडायचा. गाडी असो वा नसो. मृग गेला, आर्द्रा गेली, श्रावण झडला, काट्यावर कुत्रंसुद्धा चढलं नाही, आणि हे यंत्र रात्रंदिवस लिहितंय, शून्य किलो, शून्य किलो, शून्य किलो.

हिशेब मांडू. दिवसाचे ८६,४०० सेकंद. एका नोंदीत शंभर अक्षरं धरली तर दिवसाची खरी बातमी साडेआठ एमबीच्या आसपास. पण शंभर अक्षरं लिहायलाही अख्खं पान लागतं. शिवाय डेटाबेस आधी स्वतःच्या रोजनाम्यात लिहितो, मग खऱ्या जागी, आणि त्याच्याखालची फाइल सिस्टिम आपला वेगळा रोजनामा ठेवते. दक्षिण कोरियातल्या हानयांग विद्यापीठाच्या मंडळींनी २०१३ मध्ये या प्रकाराला ‘रोजनाम्याचा रोजनामा’ या अर्थाचं नावच देऊन टाकलं. प्रत्येक नोंदीला कमीत कमी तीन पानं धरा, म्हणजे ४८ केबी. दिवसाला झाले ४ जीबीहून जास्त. साडेआठ एमबीच्या बातमीसाठी! आता असल्या कार्डातली बिट साठवणारी पेशी हजारेक वेळा पुसली की थकते असं धरा. ८ जीबीला हजार वेळा म्हणजे ८,००० जीबी, म्हणजे कागदावर पाच वर्षं. पण आत जी पानांची उतरवाउतरव चालते, तिनं हेच लिखाण दहापट केलं, तर आयुष्य उरतं साधारण १९० दिवसांचं. मृग ते पौष. मोजून बघा.

म्हणजे ते कार्ड कापसाच्या ओझ्यानं मेलं नाही. शून्याच्या ओझ्यानं मेलं.

पेशी थकते का, तर हाव. जुन्या काळी एका पेशीत एकच बिट ठेवत. गडव्यात पाणी आहे की नाही, एवढंच बघायचं. असली पेशी लाखभर वेळा पुसली तरी तक्रार करत नसे. मग एका पेशीत दोन बिट, मग तीन, मग चार. म्हणजे त्याच गडव्याला आतून सोळा रेघा, आणि पाणी नेमकं कुठल्या रेघेला आहे ते ओळखायचं. गडवा थोडा पाझरला की रेघ चुकली. तीन बिटवाल्या पेशीचं आयुष्य हजार-तीन हजार पुसण्यांवर येतं, चार बिटवालीचं त्याहून खाली. भरायलाही वेळ लागतो, कारण आता भसकन ओतून चालत नाही, थेंब थेंब मोजून भरावं लागतं. जीबी स्वस्त झाले ते असे. भाव पाडला की माल पातळ होतो, हे दूधवाल्यापासून सगळ्यांना कळतं, फक्त यंत्राच्या बाबतीत कळेनासं होतं.

ज्या माणसानं हे तंत्र शोधलं, ते तोशिबाचे फुजिओ मासुओका. नॉर जातीची फ्लॅश त्यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली, नँड १९८७ मध्ये. गठ्ठा एका झटक्यात पुसला जातो म्हणून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि नाव पडलं. म्हणजे पुसणं हे या वस्तूच्या नावातच आहे, आणि आम्ही विचारतो फक्त साठवण. जाता जाता, मासुओकांना आपल्या मोबदल्यासाठी कंपनीला कोर्टात खेचावं लागलं. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. जगाच्या खिशाखिशात ज्याची वस्तू आहे, त्या माणसाची ही किंमत! मग काट्यावरच्या म्हातारबुवांची सकाळ कोण मोजतो?

मला सांगतात, अहो, मोठमोठ्यांचंही असं होतं. होतं ना. ‘स्पिरिट’ ही नासाची गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली आणि अठराव्या मंगळदिवशी बोलेनाशी झाली. फ्लॅशमध्ये फाइलींचा पसारा इतका साचला होता, की त्यांची यादी मांडायलाच मेमरी पुरेना. गाडी बंद पडे, पुन्हा सुरू होई, पुन्हा तीच यादी उघडे, पुन्हा बंद पडे. पृथ्वीवरच्या लोकांनी तिला फ्लॅशला हातही न लावता उठायला लावलं, पसारा काढला, आणि नव्वद दिवसांसाठी गेलेली ती गाडी पुढं सहा वर्षं चालली. टेस्लानं फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १,३५,००० मोटारी परत बोलावल्या. कारण पडद्यामागची ८ जीबीची चिप. तिचा गठ्ठा तीन हजार पुसण्यांचा आणि लिखाण अखंड, पाच-सहा वर्षांत पडदा काळा, मागचा कॅमेराही गेला. कंपनीचं आधी म्हणणं काय, तर एवढीशी चिप गाडीच्या आयुष्यभर टिकावी ही अपेक्षाच गैर आहे. शेवटी चिप बदलून द्यावीच लागली, ६४ जीबीची. तर होतं मोठ्यांचंही. पण तिथं कुणीतरी झाकण उघडलं. मंगळावर पेचकस पोचत नाही, तरी उघडलं. इथं स्टेशनापासून दहा मिनिटांवरच्या काट्याचं झाकण कुणी उघडेना, पुठ्ठा मात्र लगेच लिहिला.

आणि आमच्याकडे ऊन आहे. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५च्या वर जातो, पत्र्याच्या टपरीत ठेवलेल्या डब्याच्या आत काय होत असेल ते हात लावून बघावं. एसएसडीच्या मानकात घरगुती वापराच्या ड्राइव्हकडून अपेक्षा असते, की ठरलेली झीज झाल्यावर वीज नसताना ३० अंशांत वर्षभर नोंदी धरून ठेवाव्यात. ३० अंश! आमच्याकडे ३० अंश हे रात्रीचं तापमान. उष्णता वाढली की पेशीतला भार लवकर पाझरतो. हंगाम संपला म्हणून यंत्र बंद करून पत्र्याखाली ठेवायचं आणि दिवाळीनंतर उघडून म्हणायचं, ‘चांगलं होतं हो, उंदरानं काही केलं असंल.’ उंदरांची बदनामी थांबवा.

विजेचं तर बोलूच नये. लिहिता लिहिता वीज गेली तर लिहिलं जात असलेलं पान जातं, हे कुणालाही पटेल. पण एका पेशीत दोन बिट असले, की त्या पेशीत पूर्वीच सुखरूप लिहून ठेवलेली नोंदही सोबत जाऊ शकते. आणि फेरफार रजिस्टरच अर्धवट राहिलं, तर सातबारा शिल्लक पण कुणाचा ते कळेना, अशी गत. २०१३ मध्ये एका अभ्यासात १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली, त्यातल्या १३ चं वागणं बिघडलं. त्या निदान चांगल्या घरच्या होत्या. आमच्या डब्यात चार कॅपॅसिटर आणि छोटी बॅटरी टाकायला कुणाचा हात पुढं होत नाही, कारण निविदेत तसं लिहिलेलं नसतं.

निविदा! तान्ह्या पोळ्यावरून आमच्या सिंदीचं नाव होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी निघतात, झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड, खाली चाकं. बघत राहावं असे. पण तो नंदी कुणी औताला जुंपत नाही, आणि न जुंपण्याइतकी अक्कल आमच्या पाच वर्षांच्या पोरालाही असते. यंत्रांच्या खरेदीत हीच अक्कल घरी ठेवून येतात. रंगीत पडदा, धातूचा डबा, ‘८ जीबी’, सगळ्यांत कमी दर, मंजूर. आणि मग त्या लाकडी नंदीला भर हंगामात तिफणीला बांधून विचारायचं, चालत कसा नाही?

निविदेत, माहितीपत्रकात लिहायला काय हवं होतं? एवढंच, की अर्धं भरलेलं असताना चार केबीची विखुरलेली लिखाणं सेकंदाला किती होतील आणि त्यातलं सगळ्यांत सुस्त लिखाण किती वेळ घेईल. सरासरी सांगू नका, सरासरीत आमची गाडी उभी राहत नाही. एकूण किती जीबी लिहून झाल्यावर चिप थकेल. डब्यातल्या तापमानात चालेल का. वीज तोडून दाखवा. आणखी एक गोष्ट ऐकून तर मला चीडच येते. बोर्डावर डकवलेल्या ईएमएमसी चिपा त्यांच्या मानकाच्या पाचव्या आवृत्तीपासून स्वतःच सांगतात, की मी किती झिजले. दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी. एका ओळीची आज्ञा द्यायची, उत्तर येतं. डॉक्टरला नाडी हातात आणून दिली आहे आणि डॉक्टर म्हणतो सर्वर डाऊन.

माझं बिल ऐकून काटेवाले शेठ उखडले. ‘कार्डाचे एवढे? बाजारात तर...’ मी म्हटलं, बाजारातलं आत होतंच की, ते घ्या परत, लग्नाचे फोटो ठेवा. कारखानी कामासाठीचं, एका पेशीत एकच बिट ठेवणारं कार्ड घातलं, कितीतरी पट महाग. दर सेकंदाचं वजन मेमरीतच फिरत ठेवलं. गाडी काट्यावर स्थिरावली, की फक्त तेव्हाच, भरतीचं एकदा आणि खालीचं एकदा, अशी नोंद कार्डावर उतरते. लिनक्सचा भाग वाचण्यापुरता ठेवून कुलूप लावलं. बाजूला छोटी बॅटरी. प्रामाणिकपणे सांगतो, एक लोड सेलची तारही सैल निघाली, तिचा दोष फ्लॅशच्या माथी मारणार नाही.

आता गाडी चढते, आकडा ठरतो, काटापट्टी बाहेर. पंधरा दिवसांनी मी त्या रस्त्यानं गेलो तर दुपारी दीडच्या सुमाराला पुन्हा पाच-सहा गाड्या उभ्या, खिडकीत पुठ्ठा टांगलेला, सर्वर डाऊन. माझ्या पोटात गोळा आला. आत डोकावलो तर यंत्र झकास सुरू होतं, पडदा लखलखीत, काट्यावर शून्य किलो. पोरगं कोपऱ्यात डबा उघडून बसलं होतं. मला बघून घास गिळत म्हणालं, ‘बसा ना, भाऊ. जेवून घेतो, मंग चालू करतो सर्वर.’